राष्ट्रगीत संपल्यावर

आमच्या गावात कुठलाही कार्यक्रम राष्ट्रगीताने संपतो. शाळेचं स्नेहसंमेलन असो, डेअरीची सभा असो, नाहीतर कुणाच्या निवृत्तीचा सत्कार असो. आभार झाले की राष्ट्रगीत आणि राष्ट्रगीत झालं की जेवण. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण ते एकदा झालं की पुढे कुणी बोलत नाही. ही रीत माझ्याइतकी कुणालाच माहीत नसेल, कारण गावातल्या बहुतेक कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मीच करत असे. तळ्याकाठी होणाऱ्या वसाहतीची जनसुनावणी झाली तिचंही मीच केलं. माझे धाकटे दीर हरकत मांडायला खुर्चीवरून उठून मंचाकडे येत होते, आणि राष्ट्रगीत लावायची खूण मी केली.

बरेच महिने हे मी नुसतं 'त्या दिवशी जरा गोंधळ झाला' असं म्हणत होते. गोंधळ काही झाला नव्हता. हाताची चार बोटं वर करून स्पीकरवाल्याला खूण करायची माझी जुनी सवय आहे. ती खूण मी नीट, शांतपणे केली.

मी मूळची वाईची. लग्न होऊन इकडे सांगलीच्या अंगाला आले आणि इथल्याच हायस्कूलवर निवृत्तीपर्यंत मराठी शिकवलं. मी स्वभावाने अबोल आहे, असं म्हटलं तर गावातली माणसं हसतील. त्यांनी मला कायम माइकसमोर पाहिलेलं. पण माइकवर बोलणं वेगळं असतं. तिथे आपलं काही सांगायचं नसतं. कुणी आलं त्याचं स्वागत करायचं, कुणी बोललं त्याचं कौतुक करायचं, मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. मला ते जमायचं. घरी आले की मला चार वाक्यं सुचत नसत.

माझे यजमान गेले आणि घरात मी एकटी उरले. मुलगी मलकापूरला तिच्या संसारात. हळूहळू हळदीकुंकवाची, बारशाची, डोहाळजेवणाची बोलावणी थांबली. कुणी मुद्दाम टाळत होतं असं नाही. बायका रस्त्यात भेटल्या की प्रेमाने बोलायच्या, फक्त बोलवायच्या नाहीत. माइकच्या आड मात्र कुणी आलं नाही. समई लावायला मला कधी पुढे केलं नाही, पण ती कुणी लावायची ते मीच पुकारत असे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी साडीला इस्त्री करायची, केसाला हलका रंग लावायची, आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास माणसांत असायची. मग पुन्हा पुढच्या बोलावण्याची वाट. हे वाचायला बरं दिसत नाही, पण पुढचं सगळं यातूनच घडलं, म्हणून लिहिते.

दीर शेजारीच राहतात. दोन्ही घरांत एकच भिंत. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा गावाच्या खालच्या बाजूचं तळं तळं राहिलं नव्हतं. आजूबाजूच्या उसाला वर्षानुवर्षं इतकं पाणी पाजलं होतं की जमिनीतलं मीठ वर आलं, वावरं पांढरी पडली, ऊस पिवळा होऊन जळाला. माणसांनी तो पट्टा सोडून दिला. मग तळ्यात जलपर्णी माजली आणि गावाने तिथे कचरा टाकायला सुरुवात केली. मेलेली जनावरंसुद्धा तिथेच जायची.

माझे यजमान आणि दीर, दोघे भाऊ रविवारी रविवारी तिथे जाऊ लागले. आधी दोघंच, मग शाळेची मुलं, मग तालमीची पोरं. जलपर्णी ओढून काढली, बांध दुरुस्त केला, काठाला पाणकणसांचं उंच गवत वाढू दिलं. लोक बांधावर उभे राहून चेष्टा करायचे. "सुभेदार, सीमेवर जागा न्हाई उरली का? हितं चिखलात मोर्चा लावलाय त्यो?" दीर गुडघाभर चिखलातून म्हणायचे, "ये रं गड्या, तुलापन भरती करून घेतो. उंची-छाती काय बघत न्हाई आमी." माझं काम चहाचं. किटली घेऊन बांधावर जायचं, कपात ओतायचं आणि परत यायचं.

पहिल्यांदा पाणकोंबड्या आल्या. मग लांब लाल पायांचे शेकाटे. एका हिवाळ्यात गुलाबी झाक असलेले मोठे बगळे उतरले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्याही डोळ्यांवर हात धरून बघायला गेल्या होत्या. यजमानांनी ते पाहिलं. त्यानंतर यजमान फार दिवस राहिले नाहीत.

ते गेल्यानंतर रोज संध्याकाळी, धारा काढून झाल्या की दीर अंगणातून हाक मारायचे, "वहिनी, येताय का?" आम्ही बांधावरून तळ्याला एक चक्कर मारायचो. ते पुढे, मी मागे. बोलणं फार नसायचं. "आज बदकं कमी हायेत." "हो का." "पलीकडं गेली असत्याल, कृष्णेला." एवढंच. पण माझ्या दिवसभरातलं खरं बोलणं म्हटलं तर तेवढंच होतं. माझी धाकटी जाऊ कधी चिडवायची, "आक्का, ह्यांच्यासंगं फिरून फिरून तुमीपन फौजी व्हणार. उद्या मला सॅल्यूट ठोकाल!"

तळ्याशेजारची ती पांढरी पडलेली वावरं एका बिल्डरने घेतली. पिकाला निकामी झालेली जमीन. शेतकऱ्यांनी आनंदाने दिली आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. रस्त्याला मोठा फलक लागला. फलकावर आमचं तळं होतं, पण निळंशार, काठाला फरशी आणि फरशीवर गोरी माणसं हसत बसलेली. पाणकणसं कुठेच नव्हती. "ह्यो कुठला गाव?" असं लोक एकमेकांना विचारायचे आणि हसायचे.

मग जनसुनावणी जाहीर झाली. सरकारी अधिकारी येणार, प्रकल्पाची माहिती देणार, गावाच्या हरकती-सूचना ऐकून घेणार. बिल्डरचं काम बघणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो घरी आला, पाया पडला. "बाई, तुमच्याशिवाय कोण करणार? साहेब येतायत. गावाची शोभा व्हायला नको." मी हो म्हणायच्या आधीच मनात साडी निवडली होती.

दिरांना सांगताना मी जरा बिचकले. त्यांना वाटेल, वहिनी बिल्डरच्या बाजूची झाली. पण ते उलट खूश झाले. "बरं झालं. तुमी वर असला म्हंजे मला बोलायला धीर यील. मला माइकची लय भीती वाटती. गोळीची न्हाई वाटली तेवढी."

त्यांनी काय बोलायचं ते आम्ही माझ्या स्वयंपाकघरात ठरवलं. मी पोळ्या लाटत होते आणि ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहून म्हणून दाखवत होते. "मी इमारतीच्या इरोधात न्हाई. पोरांना घरं पायजेतच. निस्तं कुंपण मागं घ्या. बांधावरनं फिरायची वाट गावाला मोकळी ठेवा. आनि त्या अंगाची पाणकणसं काढू नका, पाखरं तितं अंडी घालत्यात."

"विरोधात म्हणा," मी म्हटलं.

"साहेबाला कळल्याशी मतलब. मी काय परीक्षेला बसलोय व्हय?"

एवढंच त्यांचं मागणं होतं. मोर्चा नाही, घोषणा नाही. बिल्डरलाही ते फार जड गेलं नसतं. आणि मीच त्यांना म्हटलं, "तुम्ही सगळ्यांत शेवटी बोला. शेवटी बोलणाऱ्याचं लक्षात राहतं. मी बरोबर तुमचं नाव पुकारीन." ते म्हणाले, "तुमी म्हणाल तसं."

सुनावणी रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयात झाली. मागच्या बाजूला मसालेभाताचा वास सुटलेला. मंचावर अधिकारी, बिल्डर, सरपंच. कार्यक्रम सत्कारांनी सुरू झाला, आणि तिथेच पहिली गंमत झाली. पाहुण्यांचे सत्कार झाल्यावर गावातल्या मानाच्या माणसांचे सत्कार. ती यादी बिल्डरच्या माणसांनी केली होती. ज्यांची वावरं तळ्याच्या दुसऱ्या काठाला होती, जे काही बोलतील असं वाटत होतं, ते सगळे एकेक करून मंचावर आले, शाल अंगावर घेऊन आणि नारळ हातात धरून खाली जाऊन बसले. मी नावं पुकारत होते. पुकारताना मला सगळं कळत होतं, पण हे माझं काम नव्हे असं मी स्वतःला सांगत होते.

हरकतींची वेळ आली तेव्हा मी पहिलं नाव घेतलं. एक वयस्कर शेतकरी उठले, घसा खाकरला आणि खाली बघून म्हणाले, "आवं, आता नारळ मांडीवर घेऊन हरकत कशी घेऊ? माझं काय न्हाई." सगळं कार्यालय हसलं. अधिकारीही हसले. पुढच्याने सांगितलं, "हरकत न्हाई, सूचना हाय. पोरांना नोकऱ्या द्या." त्याच्या पुढच्याने आधीच्याला दुजोरा दिला. शाल अंगावर असताना वाकडं कसं बोलायचं, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही.

दिरांचा सत्कार झाला नव्हता. त्यांना त्या यादीत घेतलंच नव्हतं. ते अगदी मागच्या रांगेत बसले होते, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर.

माझा विद्यार्थी मंचाच्या कडेने माझ्याजवळ आला. "बाई, साहेबांना सांगलीला दुसरी मीटिंग आहे. जेवणही वाढायचंय. आवरतं घ्या आता."

"एक नाव राहिलंय," मी हळूच म्हटलं.

तो हसला. वाईट नव्हतं ते हसणं. "बाई, घरातलंच नाव आहे ना ते? घरी बोला की तुम्ही." आणि मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात भूमिपूजन आहे. तेही तुमच्याकडेच."

मी मागे पाहिलं. मी बघते आहे म्हणजे आता आपल्याला बोलावणार, असं दिरांना वाटलं असावं. ते उठले. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सावकाश, ताठ चालत पुढे यायला लागले. त्यांचे ओठ हलत होते, पाठ केलेलं मनात म्हणत असणार.

मी माइकवर आभार मानले. पाहुण्यांचे, मंगल कार्यालयाच्या मालकांचे, स्वयंपाक करणाऱ्यांचे, सगळ्यांचे. दीर चालतच होते. आभाराच्या शेवटी मी चार बोटं वर केली.

स्पीकरमधून राष्ट्रगीत सुरू झालं आणि ते जिथे होते तिथेच थांबले. टाचा जुळल्या, हात बाजूला, छाती पुढे, नजर समोर. समोर मी होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो. दुसरीकडे बघायला कुणालाच मुभा नव्हती. मला खात्री होती की ते थांबतील. म्हणूनच मी ते केलं. दुसऱ्या कुणाला थांबवायला 'वेळ झाला' असं सांगावं लागलं असतं, त्यावर वाद झाला असता. त्यांना थांबवायला काहीच बोलावं लागलं नाही.

संपल्यावर खुर्च्या सरकल्या. बायका, पोरं जेवणाकडे धावली. अधिकारी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "फार नेटका कार्यक्रम, मॅडम." बिल्डरने मलाही एक शाल दिली. मी ती घेतली.

त्या संध्याकाळी अंगणातून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी धारांच्या वेळेला मुद्दाम ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. दीर गोठ्यातून बाहेर यायचे, बादली घरात द्यायचे, पायांत चपला सरकवायचे आणि एकटेच जायचे. रागाचं एक अक्षर नाही. समोरासमोर आलो तर 'जेवलात का' विचारायचे, मी 'हो' म्हणायची. जाऊबाई एकदा वाटीभर खरवस घेऊन आली, चुलीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, लोकं म्हणत्यात, तुमच्यावानी आवाज पंचक्रोशीत कुनाचा न्हाई." ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. तिने वाटी ठेवली आणि गेली. तिची रिकामी वाटी परत नेऊन द्यायला मला आठवडा लागला.

आणि भूमिपूजनाला मी गेले. हे सांगायचं टाळणार होते. पण गेले, तीच इस्त्री, तोच माइक. त्या दिवशी वारं गावाकडे होतं. माझा आवाज घरापर्यंत, दिरांच्या अंगणापर्यंत ऐकू गेला असणार. 'निसर्गाच्या कुशीत' असं मी कितीदा तरी म्हटलं.

मग पत्रे उभे राहिले. तळ्याच्या त्या बाजूला, अगदी पाण्याच्या काठापर्यंत, निळ्या पत्र्यांचं कुंपण आलं आणि बांधावरची वाट त्याच्या आत गेली. पाणकणसं एका दिवसात पोकलेनने उपटली. गावाला आता पाणी फक्त रस्त्यावरून, पत्र्यांच्या फटीतून दिसायचं. त्या संध्याकाळी दीर चपला घालून अंगणात आले, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. ओट्याच्या कडेला बसून राहिले. जाऊबाईने दिवा लावला तरी तिथेच होते.

एवढं पाहिल्यावर मी सांगलीला गेले. ज्या कार्यालयाने सुनावणी घेतली होती तिथे. साहेब नव्हते, एक क्लार्क होते. मी म्हटलं, "त्या दिवशी एका माणसाचं राहून गेलं. सुनावणी पुन्हा घेता येईल का?"

"राहून गेलं म्हणजे? कुणी अडवलं का त्यांना?"

"नाही. राष्ट्रगीत सुरू झालं."

क्लार्कने चष्मा काढला. "बाई, तुमची तक्रार राष्ट्रगीताबद्दल आहे का?"

"नाही नाही."

"मग कशाबद्दल आहे? राष्ट्रगीताला उभे राहिले, हे तर चांगलंच केलं त्यांनी." आणि मग थोडं जवळ सरकून, आपुलकीने, "असं काही लिहून देऊ नका. उगाच तुम्हीच अडकाल. सुनावणी झाली. हरकत नाही असं सगळे बोलले. तुम्हीच तर होता ना सूत्रसंचालनाला?"

परतताना बस माधवनगरच्या पुढे बराच वेळ थांबून राहिली, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या होत्या. खिडकीशी बसून मी ठरवलं, आता दुसऱ्या कुणाला नाही, त्यांनाच सांगायचं.

दीर गोठ्यात धार काढत होते. म्हैस मला बघून बुजली. ते न वळताच म्हणाले, "या, वहिनी."

मी उभ्यानेच बोलले. "भाऊजी, त्या दिवशी राष्ट्रगीत मी लावायला सांगितलं. तुम्ही उठलेले मला दिसलं होतं. तरी मी सांगितलं."

दुधाची धार बादलीत पडत राहिली. ते म्हणाले, "मला ठावं हाय. तुमी बोटं वर केल्याली मी बघितली की."

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"काय बोलू?" ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "राष्ट्रगीताचं मला काय न्हाई, वहिनी. ते लागलं की मी उभा ऱ्हाणारच. ते तुमी लावलं का आनि कुनी लावलं, मला त्याचं काय. पन ते संपलं की."

मला कळलं नाही.

"संपल्यावर माइक तुमच्या हातात व्हता. 'थांबा, एक मानूस ऱ्हायलंय' म्हनला असता तर समदी बसली असती. गाव तुमचं ऐकतंय. मी तितंच उभा व्हतो. मला वाटलं, आता म्हनतील. आता म्हनतील. लोकं माझ्या अंगाला घासून जेवायला गेली. तुमी शाल घेत व्हता."

इतके महिने मी एका गोष्टीची अपराधी होते, आणि ती गोष्ट त्यांच्या लेखी काहीच नव्हती. जी होती ती मला आठवतसुद्धा नव्हती. राष्ट्रगीत संपल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं होतं का? मी खूप आठवून पाहिलं. मला अधिकाऱ्यांचा चेहरा आठवतो, शालीचा रंग आठवतो. मधल्या वाटेत कुणी उभं होतं का, ते आठवत नाही.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. त्यांनी बादली उचलली. "आता मला सांगून काय करता? मला ठावं व्हतं. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."

म्हणून मी ग्रामसभेत उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न बोलावता, बायकांच्या रांगेतून. माइकशिवाय माझा आवाज किती बारीक आहे ते मला तेव्हा कळलं. जे झालं ते मी सांगितलं, कुंपण मागे घेण्याबद्दल दिरांना काय म्हणायचं होतं तेही सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, जोरात!" दुसरा म्हणाला, "आता बांधकाम झालं की वर, आता काय सांगताय?" थोडं हसणं झालं. सरपंच मला मान देऊन म्हणाले, "बाईंनी मोठ्या मनाने सांगितलं. आपण नोंद घेऊ. पुढचा विषय, दिवाबत्ती." मी बसले. शेजारच्या बाईने पाय आखडून घेतले, मला जागा व्हावी म्हणून की आणखी कशासाठी, कळलं नाही. दीर खांबाला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दिवाबत्तीचा विषय सुरू झाल्यावर निघून गेले.

त्यानंतर मला कुणी सूत्रसंचालनाला बोलावलेलं नाही. शाळेची एक तरुण शिक्षिका करते आता, छान करते. इस्त्रीची साडी कपाटात आहे.

पुढचं मला जाऊबाईकडून कळलं. वसाहतीला पहारेकरी हवे होते, आणि माजी सैनिक असेल तर उत्तमच. दीर स्वतःहून जाऊन भेटले. "घरात काय कमी हाय का?" जाऊबाई रडवेली होऊन सांगत होती. "सुभेदार मानूस, आनि फाटकावर उभं ऱ्हायचं? लोनंदच्या पावण्यांनी ऐकलं तर काय म्हनतील? तर म्हनले, बांधावर जायला दुसरी वाट न्हाई उरली." रात्रपाळी करणाऱ्याला कुंपणाच्या आतून चक्कर मारावी लागते. ते दिवसपाळी करतात, पण आपली पाळी संपली की तेही एक चक्कर मारून येतात. आतल्या माणसाला कुणी अडवत नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी मी तिथवर गेले. का गेले ते सांगता येणार नाही; पाणी बघायचं होतं असं म्हणू. फाटकाला त्यांच्यासाठी छोटी खोली आहे. दीर बाहेर उभे होते. निळा शर्ट, खांद्यावर कंपनीची पट्टी, डोक्यावर दुसरीच टोपी. गोठ्याच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही असे समोरासमोर आलो नव्हतो. आत कुठे तरी मशीन घरघरत होतं, त्यामागे पाणी चमकत होतं.

मला बघून ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

"कुनाकडं जायचंय, वहिनी?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारत असणार. आत माझ्या ओळखीचं कुणी राहायला आलेलं नाही, अजून कुणीच आलेलं नाही.

"कुणाकडे नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. फाटकाच्या कडीवर त्यांचा हात तसाच होता. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"लय ऊन हाय," ते म्हणाले. "छत्री न्हाई का आणली?"

"विसरले."

"मग आता जावा घरला. ऊन उतरल्यावर निघायचं आसतं."

मी परत फिरले. वळणापर्यंत मागे पाहिलं नाही. वळणावर पाहिलं तेव्हा एक ट्रक आत चालला होता आणि ते ड्रायव्हरला हात करून विचारत होते, कुणाकडं जायचंय.